लहान दुकानाचें संकेतस्थळ



इ. स. १८७० सालची गोष्ट आहे. मुंबईहून नागपुरास जाणारा लोहमार्ग वऱ्हाडांतून तीन वर्षांपूर्वींच पार झाला होता; परंतु तो खामगांवास शिवला नव्हता. खामगांवची कापसाची पेठ त्या काळीं साऱ्या वऱ्हाडांत नांवाजलेली. असें असूनहि पेठेपासून जलंबच्या स्टेशनापर्यंत सुमारें आठ मैल कापूस गाडीरस्त्यानेंच न्यावा लागे. अखेर जलंब ते खामगांव असा एक फांटा घालण्यांत आला आणि त्याच्या उद्घाटनास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगांवीं आले. आठ मैलांच्या फांट्यासाठीं हिंदुस्थानच्या व्हाइसरॉयानें एवढा प्रवास करावा, याचें आज नवल वाटेल. परंतु त्या आठ मैलांनीं खामगांवची पेठ मुंबईच्या बंदराशीं आणि तेथून विलायतेंतील गिरण्यांशीं जोडली गेली. कापूस तोच राहिला, शेतकरी तोच राहिला, अडतेहि तेच राहिले. नवा झाला तो केवळ मार्ग.

आज मला ज्या विषयावर बोलावयाचें आहे, तो असाच एका फांट्याचा आहे. लहान दुकानदारानें आपल्या दुकानाचें संकेतस्थळ, म्हणजे बोलभाषेंत वेबसाईट, कशी उभारावी, ती कोठें ठेवावी आणि तिची वार्ता लोकांपर्यंत कशी पोंचवावी, हा तो विषय होय.

खामगांवचें नांव आज कापसाइतकेंच चांदीकरितांहि घेतलें जातें. ‘रजतनगरी’ हें बिरुद त्या गांवास लाभलें, तें तेथील पेढ्यांच्या सचोटीमुळें आणि कारागिरांच्या हातामुळें. देवघरांतील निरांजनें, समया, ताम्हनें, मूर्तींच्या प्रभावळी आणि मखरें अशा नानाविध वस्तु तेथें घडविल्या जातात. शेगांव तेथून जवळच. गजानन महाराजांच्या दर्शनास आलेले कित्येक भाविक परततांना वाट वांकडी करून खामगांवच्या पेठेंत डोकावतात. परंतु जो शेगांवास आलाच नाहीं, त्याचें काय? पुण्यांतील, इंदुरांतील किंवा थेट अमेरिकेंतील एखाद्या मराठी घरांत चांदीची प्रभावळ करवून घ्यावयाची असेल, तर त्या घरास या कारागिराचें दार कसें सांपडावें?

निवृत्त शाळामास्तरानें हा विषय हातीं कां घ्यावा, असा प्रश्न आपणांस पडला असेल. त्याचें कारण सांगतों. माझा एक जुना विद्यार्थी खामगांवांत चांदीचें लहानसें दुकान चालवितो. कांहीं वर्षांपूर्वीं त्यानें एका शहरांतील ओळखीच्या गृहस्थाकडून दुकानाचें संकेतस्थळ करून घेतलें. त्यावरील मराठी मजकूर मीं लिहून दिला. संकेतस्थळाचा पत्ता दागिन्यांच्या डब्यांवर छापला, पावत्यांवर छापला, दुकानाच्या पाटीवरहि रंगविला. तीन वर्षें सर्व सुरळीत चाललें. चौथ्या वर्षीं, ऐन दिवाळीच्या तोंडावर, तें संकेतस्थळ दिसेनासें झालें, आणि कांहीं दिवसांनीं त्याच पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती झळकूं लागल्या.

चौकशी केली तेव्हां उमगलें कीं, ज्या नांवासाठीं विद्यार्थ्यानें तीन वर्षें पैसे मोजले, तें नांव त्याच्या मालकीचें कधींच नव्हतें. करून देणाऱ्यानें तें स्वत:च्या नांवें नोंदविलें होतें, आणि तो गृहस्थ हा धंदा सोडून, फोनचा क्रमांक बदलून दुसरीकडे निघून गेला होता. नोंदीची मुदत संपत आल्याची सूचना त्याच्याच पत्त्यावर गेली, ती कोणीं पाहिली नाहीं, मुदत टळली, आणि मोकळें झालेलें नांव कोणा तिऱ्हाइतानें उचललें. एका वृद्ध बाईंनीं नाशिकहून फोन करून विचारलें, “भाऊ, तुमच्या डब्यावरचा पत्ता नातवाला उघडायला सांगितला, तर भलतेंच कांहीं निघालें. दुकान विकलें कां तुम्ही?” त्या वेळीं मी दुकानांतच बसलों होतों. विद्यार्थ्यानें फोन ठेवला आणि बराच वेळ तो कांहींच बोलला नाहीं. मग म्हणाला, “गुरुजी, वडिलांनीं पन्नास वर्षें जपलेलें नांव मीं तीन वर्षांत घालविलें.” मजकूर माझा होता, त्याचें शुद्धलेखन मीं तीनदां तपासलें होतें, परंतु नोंद कोणाच्या नांवें आहे, हें विचारावयाचें मलाहि सुचलें नव्हतें. त्यानंतर आम्हीं दोघांनीं मिळून हा विषय पहिल्या धड्यापासून शिकून घेतला. जें शिकलों, तें आपणांसमोर मांडतों.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. संकेतस्थळ ही एक वस्तु नसून तीन वस्तु आहेत, आणि त्या तीन निरनिराळ्या ठिकाणीं विकत किंवा भाड्यानें मिळतात. पहिली वस्तु नांव, दुसरी जागा आणि तिसरी त्या जागेवरील बांधकाम. गांवांत घर बांधतांना घराचा पत्ता निराळा, जमीन निराळी आणि भिंती निराळ्या, हें आपण सहज ओळखतों. येथें मात्र तिन्ही वस्तु एकाच मनुष्याकडून एकाच बिलांत घेतल्यामुळें त्या एकच भासतात. माझ्या विद्यार्थ्याची फसगत याच ठिकाणीं झाली.

आतां नांवाकडे वळूं. जगांतील सारे संगणक ज्या जाळ्यानें जोडलेले आहेत, त्यास इंटरनेट म्हणतात. त्या जाळ्यांतील प्रत्येक यंत्रास एक क्रमांक असतो. जुन्या पद्धतींत तो ० ते २५५ यांमधील चार आंकड्यांचा मिळून होतो. असे क्रमांक मनुष्यास पाठ राहात नाहींत. आरंभीं यंत्रें थोडीं होतीं, तेव्हां कोणत्या नांवाचा कोणता क्रमांक, याची एकच यादी ठेवून काम भागत असे. यंत्रें वाढलीं तशी यादी आवरेना. म्हणून १९८३ सालीं पॉल मोकापेट्रिस या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञानें नांवांची एक व्यवस्था आंखून दिली. तिचें तत्त्व साधें आहे. सारीं नांवें एका ठिकाणीं न ठेवतां प्रत्येक शाखेनें आपल्या शाखेची वही संभाळावी. शेवटीं ‘डॉट इन’ असलेल्या नांवांची वही आपल्या देशांत राहते. ती नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया या २००३ सालीं स्थापन झालेल्या संस्थेकडे आहे. आपण मोबाइलवर एखाद्या दुकानाचें नांव लिहितों, तेव्हां क्षणार्धांत या वह्या एकामागून एक चाळल्या जातात, नांवाचा क्रमांक सांपडतो, आणि आपली विचारणा त्या यंत्राच्या दारीं जाऊन पोंचते.

अशा नांवास ‘डोमेन’ म्हणतात. तें कायमचें विकत मिळत नाहीं. ठराविक वर्षांसाठीं नोंदवावें लागतें, आणि मुदत संपण्यापूर्वीं नोंद पुढें चालू ठेवावी लागते. मुदत टळल्यावर कांहीं दिवसांची सवलत असते. तीहि संपली म्हणजे तें नांव कोणीहि घेऊं शकतो. साधारण नांवाचा वार्षिक खर्च फार नसतो. एखाद्या दुपारच्या चार माणसांच्या जेवणाइतकाच म्हणा ना. म्हणून येथें काटकसर करण्यापेक्षां सावधगिरी करावी. ती अशी: नोंद स्वत:च्या किंवा आपल्या पेढीच्या नांवें असावी, नोंदणी करणाऱ्या संस्थेचें खातें आपल्या स्वत:च्या ईमेलवर व आपल्याच फोनवर उघडावें, त्याचा परवलीचा शब्द घरांतील आणखी एका विश्वासू माणसास ठाऊक असावा, आणि शक्य असल्यास नोंद एकदम पांच किंवा दहा वर्षांची करावी. काम दुसऱ्याकडून करवून घेण्यास हरकत नाहीं. घर गवंडी बांधतो. परंतु खरेदीखत गवंड्याच्या नांवें कोणी करीत नाहीं.

नांव निवडतांना तें बोलून सांगतां येतें कीं नाहीं, हें पाहावें. फोनवर एकदां सांगितलें असतां ऐकणाऱ्यास तें बिनचूक लिहितां आलें, तर नांव चांगलें. आपल्या मराठी नांवांचीं रोमन अक्षरांतील वळणें अनेक असल्यामुळें ही परीक्षा फार महत्त्वाची आहे. २०१४ च्या ऑगस्टपासून देवनागरी अक्षरांतहि नांवें घेतां येतात. त्यांच्या शेवटीं ‘डॉट भारत’ असतें. आपल्या लिपींतील पाटी आपल्या दारावर असावी, हें मला मनापासून वाटतें. तथापि असें नांव सर्वच ठिकाणीं, विशेषत: ईमेलच्या पत्त्यांत, अजून निर्वेधपणें चालत नाहीं. म्हणून देवनागरी नांव घेणाऱ्यानें रोमन नांवहि सोबत घ्यावें आणि दोन्ही नांवें एकाच दुकानाकडे वळवावीं.

दुसरी वस्तु जागा. संकेतस्थळ म्हणजे अखेर कांहीं मजकूर आणि कांहीं चित्रें. तीं कोणत्या तरी संगणकावर ठेवलेलीं असावीं लागतात. तो संगणक रात्रंदिवस चालू पाहिजे, त्याची वीज जातां कामा नये, आणि जाळ्याशीं त्याचा संबंध तुटतां कामा नये. बुलढाणा जिल्ह्यांतील उन्हाळ्यांत ज्यांनीं भारनियमनाच्या दुपारी काढल्या आहेत, त्यांस हें काम दुकानाच्या माडीवर कां होत नाहीं, तें वेगळें सांगावयास नको. अशा संगणकांचीं मोठमोठीं कोठारें असतात. त्यांतील थोडी जागा आपण भाड्यानें घेतों. या भाड्यास ‘होस्टिंग’ म्हणतात. लहान दुकानास बहुधा सामाईक जागा पुरते. एकाच यंत्रावर शेंकडों संकेतस्थळें नांदतात, एखाद्या चाळींतल्या बिऱ्हाडांप्रमाणें. भाडें कमी पडतें, परंतु शेजाऱ्याकडे गर्दी झाली कीं आपलाहि जिना अडतो.

जागा घेतांना चार प्रश्न विचारावे. पहिल्या वर्षाचें भाडें किती, आणि दुसऱ्या वर्षापासून किती? पुष्कळ ठिकाणीं पहिलें वर्ष स्वस्त व पुढलीं महाग असतात. मजकुराची प्रत रोज काढून ठेवली जाते काय, आणि ती प्रत आम्हांस मिळेल काय? बिघाड झाल्यास प्रत्यक्ष मनुष्याशीं बोलतां येईल काय? आणि चौथा, पत्त्याच्या आरंभीं जी सुरक्षिततेची खूण लागते, ती भाड्यांत आहे कीं तिचे वेगळे पैसे? ही खूण म्हणजे गिऱ्हाईक आणि दुकान यांमधील मजकूर सांकेतिक भाषेंत जातो व वाटेंत कोणास वाचतां येत नाहीं, याची हमी होय. २०१५ पासून ती देणारें प्रमाणपत्र मोफत मिळण्याचीहि सोय झाली आहे. म्हणून तिच्यासाठीं कोणी मोठी रक्कम मागूं लागल्यास कारण विचारावें.

आणि ती प्रत वर्षांतून दोनदां आपल्या स्वत:च्या संगणकावर उतरवून ठेवावी. आमच्या बाबतींत मजकुराची प्रत माझ्या कपाटांतील वहींत होती, म्हणून निदान शब्द तरी वांचले. वस्तूंचीं दोनशें छायाचित्रें मात्र गेलीं तीं गेलींच.

येथें कोणी म्हणेल, इतका खटाटोप कशाला? फुकट जागा देणाऱ्या पुष्कळ मोठ्या कंपन्या आहेत, आणि मोठ्या विक्रीदालनांत मालहि मांडतां येतो. हें खरें आहे, आणि आरंभास तो मार्ग वाईट नाहीं. परंतु दुसऱ्याच्या ओसरीवर मांडलेलें दुकान ओसरीचा धनी सांगेल तेव्हां उचलावें लागतें. याहूनें चालविलेल्या जिओसिटीज या ठिकाणीं जगभरच्या लोकांनीं फुकट पानें उभारलीं होतीं. २००९ सालीं तें बहुतेक सर्व बंद झालें. गूगलनें लहान धंदेवाल्यांस दिलेलीं मोफत संकेतस्थळेंहि २०२४ च्या मार्चमध्यें बंद झालीं. विक्रीदालनांत माल ठेवला तर प्रत्येक विक्रीमागें दलाली द्यावी लागते, आणि त्याहून मोठी गोष्ट ही कीं, गिऱ्हाईक दालनाचें होतें, आपलें होत नाहीं. म्हणून ओसरीवर बसावें, पण आपलें एक लहानसें दार स्वत:च्या मालकीचें असावें.

मुळांत हें जाळें कोणा एकाच्या मालकीचें नाहीं, हेंच त्याचें मोठें वैशिष्ट्य आहे. टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञानें स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधनसंस्थेंत १९८९ सालीं संकेतस्थळांच्या या व्यवस्थेची कल्पना लिहून काढली, १९९१ सालीं पहिलें संकेतस्थळ जगापुढें आलें, आणि ३० एप्रिल १९९३ रोजीं त्या संस्थेनें ही विद्या सर्वांस विनामूल्य खुली केली. आपल्या देशांत १५ ऑगस्ट १९९५ पासून विदेश संचार निगममार्फत सामान्य नागरिकांस इंटरनेट मिळूं लागलें. त्या दोन तारखांमुळेंच खामगांवचा सोनार आणि न्यूयॉर्कचा जवाहिऱ्या एकाच पंक्तींत पाट मांडूं शकतात.

तिसरी वस्तु बांधकाम. त्यासाठीं आज तयार साधनें मिळतात. वर्डप्रेस हें २००३ पासून चालत आलेलें साधन मोफत आहे, आणि थोड्या अभ्यासानें दहावी झालेला मुलगाहि त्यावर पानें रचूं शकतो. मात्र त्यांत वेळोवेळीं निघणाऱ्या सुधारणा लगोलग बसवून घ्याव्या लागतात; जुनें कुलूप चोरांस चांगलें परिचयाचें असतें. पानें थोडीं पण भरीव असावीं. आपण कोण, दुकान कोठें, काय बनवितों, तें कसें बनवितों, किंमत कशी ठरते, माल कसा पाठवितों, आणि न आवडल्यास काय करावें, या सात प्रश्नांचीं सरळ उत्तरें तेथें मिळालीं, कीं पुष्कळ झालें.

चांदीच्या दुकानास येथें एक विशेष अडचण येते. चांदीचा भाव रोज हालतो. म्हणून नुसती किंमत न लिहितां वजन, शुद्धता, मजुरी आणि भावाची तारीख हीं चारीं लिहावीं. ९२५ चा ठसा म्हणजे हजार भागांत ९२५ भाग चांदी, हें एका ओळींत समजावून द्यावें. ज्या गिऱ्हाइकास हिशेब समजला, तें घासाघीस कमी करतें आणि पुन: येतें, असा माझ्या विद्यार्थ्याचा अनुभव आहे. छायाचित्रें दिवसाच्या उजेडांत, साध्या गडद कापडावर घ्यावीं, आणि शेजारीं एखादी ओळखीची वस्तु ठेवावी, म्हणजे आकार कळतो. सुपारीशेजारीं ठेवलेलें निरांजन किती लहान आहे, हें शब्दांनीं सांगावें लागत नाहीं.

मराठी मजकुराच्या बाबतींत दोन चुका सर्रास होतात. पहिली, जाहिरातीच्या छापखान्यांतला मजकूर चित्र म्हणून जसाच्या तसा पानावर चिकटविणें. चित्रांतील अक्षरें मनुष्यास दिसतात, पण शोध घेणाऱ्या यंत्राच्या हातीं तीं नीट लागतीलच असें नाहीं. दुसरी, मराठी जुन्या पद्धतीच्या टंकांत लिहिणें. त्या टंकांत मूळ अक्षर इंग्रजीच असतें, वरचा वेष तेवढा मराठी. वेष उतरला कीं अर्थहीन चिन्हें उरतात. युनिकोड या जागतिक संकेतांत देवनागरीस १९९१ पासून स्वत:चें स्थान आहे. त्यांत लिहिलेलें मराठी जगांत कोठेंहि मराठीच दिसतें व मराठीच म्हणून सांपडतें. शिवाय बहुतेक लोक संकेतस्थळ मोबाइलवर पाहतात. म्हणून पान प्रथम मोबाइलवर उघडून पाहावें, आणि तेंहि दुकानांतील वेगवान जोडणीवर न पाहतां एस. टी. च्या प्रवासांत, जेथें जोडणी मंद असते, तेथें पाहावें. चित्रें जड असतील तर गिऱ्हाईक वाट पाहात थांबत नाहीं.

आतां कीर्तीचा प्रश्न. दुकान बांधलें, पण वाट कोणास ठाऊक नाहीं, तर उपयोग काय? लोक आज वाट विचारतात ती शोधयंत्रांस. १९९८ सालीं स्थापन झालेलें गूगल हें त्यांतील सर्वांत मोठें. त्याचें काम समजून घेतलें, तर पुष्कळ लबाडांपासून बचाव होतो. त्याचे यांत्रिक हेर एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर जात जगभर फिरतात, वाचलेल्या शब्दांची एक अवाढव्य सूचि करतात, आणि आपण प्रश्न विचारला म्हणजे त्या सूचींतून उत्तरें क्रमानें मांडतात. क्रम ठरवितांना मजकूर प्रश्नाशीं किती जुळतो, तें पाहिलें जातें. तसेंच दुसऱ्या चांगल्या पानांनीं या पानाकडे बोट दाखविलें आहे काय, हेंहि पाहिलें जातें. गांवांत नव्या वैद्याची पत जशी ठरते, तशीच ही रीत आहे.

यावरून करावयाच्या गोष्टी ओघानेंच निघतात. लोक ज्या शब्दांनीं विचारतील, तेच शब्द पानावर असावे. ‘रौप्य देवपूजा साहित्य’ असें मीं प्रथम मोठ्या हौसेनें लिहिलें होतें. लोक विचारतात ‘चांदीचें निरांजन’. माझा शब्द गेला आणि त्यांचा राहिला, तेव्हां फरक पडला. आपल्या जिल्ह्याचें नांव कोणी बुलढाणा लिहितात, कोणी बुलडाणा; दोन्ही रूपें पानावर कोठें तरी यावीं. गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद विनामूल्य करतां येते. तींत पत्ता, फोन, उघडण्याच्या वेळा आणि साप्ताहिक सुट्टी बिनचूक भरावी. शेगांवास आलेला भाविक ‘जवळचें चांदीचें दुकान’ असें विचारतो, तेव्हां त्यास संकेतस्थळापूर्वीं ही नोंदच दिसते. ज्या मंदिरांचें काम केलें, ज्या मंडळांस वस्तु दिल्या, त्यांचीं स्वत:चीं पानें असल्यास त्यांस आपल्या पानाचा दुवा देण्याची विनंति करावी. आणि जुन्या गिऱ्हाइकांस व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षांतून तीन-चार वेळां, सणाच्या आधीं, परवानगी घेऊन एखादें चित्र पाठवावें. रोज पाठविलें तर तें वाचलेंच जात नाहीं.

पैसे देऊन जाहिरातहि करतां येते. त्यांत जितक्या लोकांनीं जाहिरातीवर बोट ठेवलें, तितक्यांचे पैसे द्यावे लागतात. म्हणून रोजच्या खर्चाची मर्यादा आधीं बांधून द्यावी, आणि जाहिरात आपला माल जेथें पाठवितां येतो, तेवढ्याच गांवांपुरती ठेवावी. “महिन्याभरांत तुमचें दुकान पहिल्या क्रमांकावर आणून देतों,” असा फोन आला, तर नम्रपणें नकार द्यावा. असा क्रमांक मिळवून देण्याची हमी कोणीहि देऊं शकत नाहीं, असें गूगलनें स्वत:च सांगून ठेवलें आहे. तशीच गोष्ट विकत मिळणाऱ्या खोट्या प्रशंसेची. २०२२ सालीं भारतीय मानक ब्यूरोनें अशा अभिप्रायांसाठीं आय. एस. १९००० हें मानक प्रसिद्ध केलें, इतका हा रोग पसरला होता. खऱ्या गिऱ्हाइकाच्या तक्रारीस दिलेलें शांत उत्तर दहा खोट्या स्तुतींपेक्षां अधिक विश्वास उत्पन्न करतें.

कायद्याचेंहि एक अंग आहे. २०२० सालच्या ग्राहक संरक्षण ई-वाणिज्य नियमांनुसार, संकेतस्थळावरून माल विकणाऱ्या पेढीनें आपलें कायदेशीर नांव, पत्ता, संपर्क, तसेंच माल परत घेण्याचे व पैसे परत देण्याचे नियम स्पष्ट दाखविले पाहिजेत. तक्रार ऐकणारा अधिकारी नेमून ४८ तासांत तक्रारीची पोंच द्यावी आणि एका महिन्यांत तिचें निवारण करावें, असेंहि त्यांत आहे. लहान दुकानांत हा अधिकारी म्हणजे मालक स्वत:च. पण नांव, फोन आणि मुदत लिहून ठेवल्यानें मालकासहि आपला शब्द डोळ्यांसमोर राहतो.

श्रोत्यांपैकीं बहुतेकजण दुकानदार नाहींत, हें मी जाणतों. परंतु कोणाच्या घरीं वहिनींचा मसाल्याचा उद्योग असेल, कोणाची मुलगी शिवणकाम करीत असेल. त्यांस वरील गोष्टी उपयोगीं पडतील. आणि गिऱ्हाईक तर आपण सारेच आहों. अनोळखी संकेतस्थळावर पैसे भरण्यापूर्वीं तेथें पूर्ण पत्ता आहे काय, फोन लावल्यास मनुष्य बोलतो काय, नांवाचीं अक्षरें जशींच्या तशीं आहेत कीं एखादें अक्षर फिरवून खऱ्या पेढीची नक्कल केली आहे, हें पाहावें. सुरक्षिततेची खूण दिसली म्हणजे दुकान प्रामाणिक आहे, असें समजूं नये. त्या खुणेचा अर्थ एवढाच कीं वाटेंत पत्र फुटणार नाहीं. पत्र घेणारा भला आहे कीं नाहीं, तें ती खूण सांगत नाहीं.

माझ्या विद्यार्थ्यानें पुढें काय केलें, तें सांगून संपवितों. जुनें नांव सोडविण्यासाठीं नव्या मालकानें मागितलेली रक्कम त्याच्या शक्तीबाहेरची होती. त्यानें नवें नांव घेतलें, या वेळीं स्वत:च्या नांवें, दहा वर्षांकरितां. उरलेल्या सर्व डब्यांवर पत्नीनें आणि मुलांनीं बसून नव्या पत्त्याच्या चिठ्या चिकटविल्या. जुन्या वह्या काढून सहाशेंवर गिऱ्हाइकांस त्यानें एकेक करून फोन केला, आणि झालेली चूक लपवून न ठेवतां सांगितली. पहिला फोन नाशिकच्या त्या वृद्ध बाईंस होता. त्या म्हणाल्या, “दुकान आहे ना? मग झालें. माझ्या सुनेसाठीं एक ताम्हन करून ठेवा.” आज ताम्हनाच्या त्या चित्राखालीं नव्या संकेतस्थळावर वजन, शुद्धता, मजुरी आणि तारीख लिहिलेली आहे, आणि नोंदीचा कागद दुकानांतील गादीमागें, वडिलांच्या तसबिरीशेजारीं, चौकटींत लावलेला आहे.

आपणांपैकीं ज्यांच्या घरीं असें एखादें संकेतस्थळ आधींच चालू असेल, त्यांनीं आज रात्रीं एवढेंच करावें: तें नांव कोणाच्या नांवें नोंदलें आहे आणि त्याची मुदत केव्हां संपते, हें पाहून घ्यावें.